रूळ संपतात तिथला बाजार

पोंभुर्ण्याला रेल्वे नाही. तालुक्याचं ठिकाण आहे, नगरपंचायत आहे, आठवडी बाजार भरतो, एसटी येते; रूळ मात्र उत्तरेला मूलवरून आणि पश्चिमेला चांदा-बल्लारपूरवरून परस्पर निघून गेले. स्टेशनासमोरची धर्मशाळा, तिला लागून अडतदुकानं, पोत्यांच्या थप्प्या, चहाच्या टपऱ्या, हमालांचा गलका हा सगळा थाट इथल्या माणसाने पाहिला तो दुसऱ्याच्या गावी, आपला माल विकायला गेल्यावर. आणि ते बाजार ज्या मालावर पोसले त्यात इथलं धान, मोह, साग आणि बांबू होतंच. चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर; त्या जिल्ह्याच्या रेल्वेची हकिगत सहसा कोळशाच्या बाजूने सांगतात. ती बंडीच्या बाजूनेही सांगण्यासारखी आहे. बैलगाडीला आमच्याकडे बंडी म्हणतात. बंडी हाकणाऱ्या धुरकऱ्याला इंजिनाशी देणंघेणं नव्हतं. रूळ कुठे संपतात एवढंच त्याला कळायला हवं होतं.

रूळ येण्याआधी या मुलखातला लांबचा व्यापार लमाणांच्या बैलांच्या पाठीवर चाले. पूर्व किनाऱ्याचं मीठ गोदावरीच्या बाजूने वर येई, धान्य आणि कापूस खाली जाई. गावोगाव आठवडी बाजार होतेच, पण घाऊक देवघेव व्हायची ती जत्रांत. चांद्याच्या महाकालीची चैत्रातली यात्रा ही नवस फेडण्याची जागा होती तशीच वर्षाची खरेदी उरकण्याचीही. झाडीपट्टीच्या, म्हणजे या जंगलाच्या आणि धानाच्या मुलखाच्या, पूर्वभागात कोमट्यांची दुकानं होती. घरात तेलुगू आणि गल्ल्यावर मराठी बोलणारी ही मंडळी दक्षिणेकडच्या पेठांशी संबंध राखून असत. थोडक्यात, पोंभुर्ण्याच्या बाजूच्या व्यापाराचं तोंड तेव्हा बरंचसं दक्षिणेला होतं. मुंबई फार लांब होती.

१८५३ च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले. गादीला वारस नाही असं ठरवून डलहौसीने राज्य खालसा केलं आणि चांदा इंग्रजांकडे गेला. चार वर्षांत बंड उभं राहिलं. मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके आणि आडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी १८५८ च्या मार्चमध्ये राजगड घेतलं, नांदगाव-घोसरीला इंग्रजी फौजेशी दोन हात केले. हा सगळा पोंभुर्णा-मूलचाच टापू. एप्रिलच्या अखेरीस प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारखात्याच्या तळावर छापा पडला, त्यात गार्टलंड आणि हॉल हे दोघे मारले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ ला बाबूरावांना चांद्यात फाशी दिलं. रेल्वेच्या गोष्टीत हे मुद्दाम सांगतो, कारण इंग्रजांची नवी यंत्रं या जंगलात शिरली त्यांत तार आधी आली आणि तिचं स्वागत असं झालं.

पुढच्या दशकात साहेबाला इथल्या कापसाचं वेड लागलं. अमेरिकेत १८६१ साली यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि हिंगणघाटच्या कापसाला एकाएकी सोन्याचे दिवस आले. प्रश्न होता तो समुद्रापर्यंत न्यायचा कसा. मुंबईकडून रूळ येत होते, पण त्यांना वेळ लागणार होता. तेव्हा एक वेगळीच कल्पना जोरात होती: नदी. गोदावरीवर धरण बांधून राजमहेंद्रीकडचा त्रिभुज प्रदेश भिजवणारे सर आर्थर कॉटन हे जलमार्गाचे कट्टर पुरस्कर्ते. रेल्वेपेक्षा नौका स्वस्त, असं ते आयुष्यभर सांगत राहिले. त्यांच्या विचाराने आणि कॅप्टन हेग या अभियंत्याच्या देखरेखीखाली वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी अशी सलग नौकावाट तयार करायचं काम सुरू झालं. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल यांचाही तिच्यावर मोठा भरवसा. वऱ्हाड-हिंगणघाटचा कापूस होड्यांत भरायचा आणि थेट बंगालच्या उपसागराला लावायचा, असा बेत.

नदीचं मात्र स्वतःचं मत होतं. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि देवलमरी अशा तीन ठिकाणी खडकांच्या रांगा पात्रात आडव्या येतात. त्यांना वळसा घालायला बंधारे, कालवे आणि दरवाजे बांधायचे होते. ही ठिकाणं दाट जंगलातली, हिवतापाची. मजूर टिकत नसत. आणि खडक फोडले तरी उन्हाळ्यात पाणी कुठून आणणार? वर्धेचं पात्र मार्च-एप्रिलात पाहिलेल्या कुणालाही हा प्रश्न पडला असता; पण योजना कागदावर आखणाऱ्याला उन्हाळा दिसत नाही, हे तेव्हाही खरं होतं. लाखो रुपये खर्ची पडल्यावर १८७१ साली सरकारने काम थांबवलं. दुम्मागुडेमचा बंधारा त्याची निशाणी म्हणून राहिला. ही वाट चालू झाली असती तर चांदा जिल्ह्याची मोठी पेठ सिरोंच्याला नाहीतर चपराळ्याच्या संगमावर उभी राहिली असती आणि पोंभुर्ण्याचं धान वैनगंगेतून खाली गेलं असतं. तसं झालं नाही. मुलखाचं तोंड फिरलं ते पश्चिमेला.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ च्या फेब्रुवारीत नागपूरला पोचली. तिच्या वाटेवर पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वर्धा हे नवंकोरं गाव आखलं गेलं. कंपनीची इंजिनं दगडी कोळशावर चालायची आणि मध्य हिंदुस्थानात कोळसा दुर्मीळ होता. तो वरोऱ्याजवळ जमिनीखाली आहे असं कळल्यावर, ज्या सुमारास नदीचं काम गुंडाळलं गेलं त्याच सुमारास, सरकारने तिथे खाण सुरू केली. खाणीमागोमाग रूळ आले. वर्ध्याहून हिंगणघाटावरून वरोऱ्यापर्यंत सुमारे ४५ मैलांचा हा फाटा सरकारी पैशाने बांधला, त्याचं नावच मुळी 'वर्धा कोल स्टेट रेल्वे'. १८७० चं दशक सरायच्या आत तो वरोऱ्याला लागला आणि तिथे थांबला.

थांबला, हे महत्त्वाचं. पुढची तीसेक वर्षं चांदा जिल्ह्यातली रेल्वे म्हणजे वरोरा. जिल्ह्याचं ठाणं चांद्याला, कचेरी चांद्याला, गोंडराजांचा परकोट आणि जटपुरा दरवाजा चांद्याला, पण रेल्वेचा माल मात्र वरोऱ्याला. चांद्याच्या शेटजींनाही मुंबईचा माल आणायला तीस मैल बंडी पाठवावी लागे.

पोंभुर्ण्याकडून वरोरा साठेक मैल. लादलेली बंडी दिवसाला बारा-पंधरा मैल चालली तर चांगली चालली म्हणायची. म्हणजे जायला चार-पाच मुक्काम, तितकेच यायला. हे सगळं दिवाळीनंतर. पावसाळ्यात वाटा चिखलाने बंदच. धान कापून, चुरून, खंडीने मोजून झालं की गावातल्या पाच-दहा बंड्या मिळून निघत. एकट्या बंडीने जायची सोय नव्हती, वाघाचं भय होतं आणि चाक निखळलं तर हात लावायला माणूस हवा. बंडीच्या खाली वंगणाची नळी लोंबकळे, मागे तणसाच्या पेंढ्या बांधलेल्या असत, कारण वाटेत बैलांच्या चाऱ्याला रोकड कोण मोजणार. मुक्काम पाण्याच्या कडेला. अंधारीच्या खोऱ्यातून चांदा, तिथून इरई ओलांडून भांदक, मग वरोरा. भांदकच्या पुढे जमिनीचा रंग बदलतो. झाडीतली तांबूस-पिवळसर माती मागे पडते, काळी कपाशीची रानं लागतात, आणि धानाच्या मुलखातल्या माणसाला आपण परक्या देशात आलो असं वाटायला लागतं.

वरोऱ्याचा बाजार मोठा झाला याचं निम्मं कारण या मातीत आहे. कोळसा आणि रूळ नसते तरी गाव काळ्या आणि तांबड्या जमिनीच्या जवळजवळ शिवेवरच होतं. पश्चिमेकडून कापूस, ज्वारी, गहू, जवस. पूर्वेकडून तांदूळ, लाखोळी, मोहफुलं, लाख, हिरडा, चारोळी, डिंक. ज्वारी खाणाऱ्याला सणावाराला तांदूळ हवा आणि भात खाणाऱ्याला कापूस. रुळांनी त्यात मुंबईची भर घातली. परतीच्या बंडीत मीठ असे, ते आता मुंबईकडचं. त्याखेरीज गिरणीचं कापड, गूळ, लोखंडी पट्ट्या, काड्यापेट्या, पुढेपुढे रॉकेलचे डबे. रॉकेलच्या रिकाम्या डब्याने खेड्यात जी क्रांती केली तिच्यावर कुणीतरी वेगळं लिहायला हवं; पाणी, धान, तेल, तिजोरी असं सगळं काही त्यात मावलं.

त्या काळच्या कापूसबाजारात पहिल्यांदा आलेला शेतकरी गांगरून जाई. बंड्या मोकळ्या मैदानात रांगेने उभ्या. बैल सोडलेले, जू खाली टेकलेलं. दलाल बोऱ्यातून मूठभर कापूस ओढतो, बोटांनी धागा काढून पाहतो, तोंडाने काही बोलत नाही. दुसऱ्या दलालाचा हात तो रुमालाखाली धरतो, बोटं चाचपतो, मान हलवतो. सौदा झाला. किती भावाने झाला हे ज्याचा माल त्याला सगळ्यांत शेवटी कळतं. मग काट्यावर नेल्यावर कडता कापायचा, वानगी म्हणून काढलेला माल परत द्यायचा नाही, वर अडत, हमाली, तोलाई आणि धर्मादाय. धर्म कुणाचा आणि दाय कुणाकडून, हे विचारायची सोय नव्हती. वरोऱ्याहून वर्धा नदी ओलांडली की वणी, म्हणजे वऱ्हाड. तिथे कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी १८९७ साली खास कायदा झाला, बाजार समित्या आल्या, वजनमापाला थोडी शिस्त लागली. नदीच्या अलीकडचा वरोरा मध्य प्रांतात. त्या प्रांताला कापूसबाजाराचा कायदा मिळायला १९३२ साल उजाडलं. एका नदीच्या दोन काठांवर एकाच कापसाला दोन न्याय, आणि ते पस्तीस वर्षं.

रेल्वेने बाजारात आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे दूरचा भाव. पूर्वी भाव पिकावर ठरे. आता तो मुंबईच्या तारेवर ठरू लागला. पाऊस आमच्याकडे चांगला पडला तरी लिव्हरपूलला मंदी असेल तर वरोऱ्यात कापूस पडायचा. आणि मुंबईहून आलेल्या गिरणीच्या कापडापुढे इथले माग बसत गेले. जाडंभरडं, पण वर्षानुवर्षं टिकणारं कापड विणणारे महार आणि कोष्टी हळूहळू खाणीत, जिनात, रेल्वेच्या कामावर दिसू लागले. त्यांची हकिगत कुणी लिहून ठेवली नाही, सरकारी अहवालांत तिला एखादं वाक्य मिळतं.

कोळशाची गोष्ट मात्र तपशीलवार लिहिलेली आहे, कारण तिच्यात टाटा आहेत. जमशेटजींनी एम्प्रेस मिल नागपूरला काढली, १ जानेवारी १८७७ ला. मुंबईचा गिरणीमालक नागपूरला कशाला जातो म्हणून लोक हसले होते. पण कापूस दारात होता आणि वरोऱ्याचा कोळसा रुळांवरून येणार होता. पाच वर्षांनी, १८८२ साली, रिटर फॉन श्वार्त्झ नावाच्या जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यात लोहारा इथे उत्तम प्रतीचं लोहखनिज आहे आणि वरोऱ्याचा कोळसा तिथून फार दूर नाही, असं त्यात होतं. जमशेटजींच्या डोक्यात पोलादाचा कारखाना बसला तो या अहवालाने. त्यांनी वरोऱ्याचा कोळसा तपासून घेतला. तो भट्टीच्या कामाचा निघाला नाही. त्याचा कोक होत नव्हता. खाणपरवान्याच्या सरकारी अटीही अशा, की कुणी शहाणा माणूस त्यात पैसा घालणार नाही. विषय मागे पडला.

वीसेक वर्षांनी नियम सैल झाल्यावर तो पुन्हा निघाला. १९०४ मध्ये वेल्ड नावाचा अमेरिकन तज्ज्ञ, दोराबजी टाटा आणि त्यांचे आतेभाऊ शापुरजी सकलातवाला चांद्याच्या जंगलात बैलगाड्यांनी हिंडत होते. हेच सकलातवाला पुढे ब्रिटिश पार्लमेंटात कम्युनिस्ट खासदार म्हणून गाजले. उन्हाळ्याचे दिवस, पाण्याचे हाल. खनिज मिळालं, पण एका मोठ्या कारखान्याला पुरेल इतकं एका जागी नाही, आणि कोळशाचं दुखणं होतंच. वेल्डने नकार कळवला. त्यानंतर दोराबजींना नागपूरच्या संग्रहालयात एका भूगर्भनकाशावर दुर्ग जिल्ह्यातल्या लोखंडाच्या खुणा दिसल्या, शोध पूर्वेला वळला, आणि पोलाद शेवटी साकचीला, आजच्या जमशेदपूरला, झालं. वरोऱ्याचा कोळसा थोडा बऱ्या जातीचा असता तर जमशेदपूर नावाचं शहर कदाचित आमच्याकडे असतं. ते नाही याचं मला फारसं वाईट वाटत नाही. अंधारीचं पाणी अजून काही महिने तरी पाण्यासारखं दिसतं.

ढिगात पडून राहिला तर आपोआप तापून पेट घेणारा हा कोळसा रेल्वेला आणि गिरण्यांना पुरवून वरोऱ्याची खाण १९०६ साली बंद झाली. तोवर एक भयंकर गोष्ट घडून गेली होती. १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले. धानाच्या मुलखात मालगुजारी तलावांत पाणी नाही म्हणजे शेतात काही नाही. १९०१ च्या शिरगणतीत चांदा जिल्ह्याची माणसं भरली सुमारे सहा लाख, दहा वर्षांपूर्वीपेक्षा जवळपास लाखाने कमी. रेल्वे असली की दुष्काळात धान्य येतं, असं सरकार म्हणे. येतंही. पण वरोऱ्याला उतरलेलं पोतं साठ मैलांवरच्या झाडीपट्टीत पोचवायला बैल लागतात आणि दुष्काळात बैल आधी मरतात. शिवाय चांगल्या सालात याच रुळांनी कणग्या रिकाम्या केल्या होत्या. पूर्वी दोन वर्षांचं धान घरात ठेवणारा मालगुजार आता भाव आला की विकून मोकळा होई. रुळांनी दुष्काळ आणला असं म्हणणं अन्यायाचं होईल, रुळांनी तो टाळला असं म्हणणं त्याहून अन्यायाचं.

खाण संपली तसे रूळ उठले आणि पुढे गेले. बल्लारपूरला वर्धेच्या काठी, गोंडराजांच्या जुन्या किल्ल्यापासून जवळच, नवा कोळसा लागला होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वरोऱ्याचा फाटा भांदक, चांदा करत बल्लारपूरला भिडला. चांद्याला अखेर स्टेशन मिळालं, जटपुरा दरवाजाच्या बाहेर. बाजार परकोटाच्या आत आणि स्टेशन बाहेर. मधला दरवाजा हत्ती-घोड्यांच्या काळात बांधलेला. स्टेशनाकडून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची तिथे जी कोंडी होऊ लागली ती अजून सुटलेली नाही.

वरोऱ्याचं काय झालं, हे पाहण्यासारखं आहे. स्टेशन तेच, रूळ तेच, गाड्या वाढल्याच. पण आता तिथे रूळ संपत नव्हते. चांदा, मूल, पोंभुर्ण्याकडच्या बंड्या यायच्या बंद झाल्या, आणि तांदूळ, मोह, लाख यांची अडत ओसरली. कापूस होता म्हणून गाव तगलं, जिन-प्रेस चालू राहिले. पण सगळ्या जिल्ह्याने आपल्या दारात येऊन बैल सोडावेत असे दिवस पुन्हा आले नाहीत. आज महाराष्ट्रात वरोऱ्याचं नाव निघतं ते १९५१ पासूनच्या आनंदवनामुळे; खाणीचं गाव म्हणून त्याला फारसं कुणी ओळखत नाही.

पोंभुर्ण्याची वाट मात्र याच सुमारास जवळ आली, आणि ती भलत्याच बाजूने. बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाहून नागभीडकडे अडीच फुटी रुळांची छोटी गाडी काढली होती. वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, केळझर, चिचपल्ली असं जंगल-तलावांच्या मुलखातून वळणं घेत ती १९१३ पर्यंत चांद्याला येऊन थडकली. तिचं स्टेशन वेगळं, चांदा फोर्ट. पोंभुर्ण्याहून निघालेली बंडी आता एका मुक्कामात मूलला पोचू लागली. धानाचे गिरणीवाले मूलला आले, पुढे मूलची ओळखच भातगिरण्यांचं गाव अशी झाली. विड्यांच्या कारखान्यांसाठी तेंदूपानाची पोती याच गाडीने गोंदियाकडे जात. ही गाडी इतकी सावकाश चाले, की तिच्याबद्दलच्या विनोदांचं झाडीपट्टीत एक स्वतंत्र दालन आहे; चालत्या गाडीतून उतरून बोरं वेचून पुन्हा चढणाऱ्याची गोष्ट प्रत्येक स्टेशनावर त्याच गावच्या माणसाच्या नावाने सांगतात.

चांद्यात मग एक चमत्कारिक धंदा उभा राहिला. छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळांवर चालत नाही. चांदा फोर्टला आलेला प्रत्येक बोरा उतरवायचा, मोठ्या लाइनच्या स्टेशनावर न्यायचा आणि पुन्हा चढवायचा. दोन कंपन्या, दोन स्टेशनं, दोनदा हमाली. व्यापारी या व्यवस्थेला शिव्या घालत, आणि तिच्यावर शेकडो घरांची चूल पेटत होती. रेल्वेच्या अभियंत्याला जो दोष वाटे त्यावरच स्टेशनाजवळचा बाजार जगतो. माल एका वाहनातून दुसऱ्यात जातो तिथे माणूस थांबतो, रात्र काढतो, चहा पितो, भाव विचारतो, उधारी करतो. गाडी सरळ निघून गेली की यातलं काही होत नाही.

याचा सगळ्यांत मोठा लाभ बल्लारपूरला झाला. नदीच्या पलीकडे राजुरा, तो निजामाच्या राज्यात. तिकडे हाली सिक्का, इकडे कलदार; मालावर करोडगिरी भरल्याशिवाय सरहद्द ओलांडायची नाही. १९२९ साली काझीपेठहून निजामाच्या रेल्वेचे रूळ वर्धा ओलांडून बल्लारपूरच्या स्टेशनाला, म्हणजे बल्लारशाहला, जोडले गेले आणि दिल्ली-मद्रास सलग झाली. त्याच वर्षी निघालेली ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस सुरुवातीला पेशावरहून पार मंगळूरपर्यंत जायची, प्रवास चार दिवसांहून जास्त. अशा गाडीचं बल्लारशाहला इंजिन बदलायचं, पाणी भरायचं, कंपनी बदलायची. फलाटावर पेशावरचा पठाण आणि मलबारचा नायर एकाच नळावर पाणी भरत असतील तर नळापलीकडच्या दुकानदाराला चार भाषा याव्याच लागतात. बल्लारपूरला आजही लोक 'मिनी इंडिया' म्हणतात. खाणीत आणि रेल्वेत कामाला आलेल्या तेलुगू, हिंदी, बंगाली माणसांनी तिथे वस्त्या केल्या, आणि मराठी या सगळ्यांच्या मधे एक चालू नाणं म्हणून फिरत राहिली.

आणि साग. आलापल्लीच्या जंगलातला साग बंड्यांनी बल्लारपूरला यायचा, मग ट्रकने येऊ लागला. स्टेशनाजवळच्या लाकूड-आगारात त्याचे गोल ओंडके थरांवर थर लावून ठेवलेले असतात, प्रत्येकाच्या कापल्या तोंडावर हातोड्याची खूण, क्रमांक आणि माप. लिलावाच्या दिवशी व्यापारी खडू हातात घेऊन ओळींतून फिरतात. कुणी ओंडक्याच्या कडेला नख लावून पाहतो, कुणी वाकून तोंडावरची वर्तुळं न्याहाळतो. बल्लारपुरी साग हे नाव मुंबई-गुजरातपर्यंत मालाची जात म्हणून चालतं. त्यातला एकही वृक्ष बल्लारपुरात वाढलेला नाही. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी लाकूड रवाना झालं तेव्हा मोठी मिरवणूक निघाली, तीही बल्लारपुरातूनच. १९४५ मध्ये कागदाच्या गिरणीची कंपनी स्थापन झाली आणि बांबूही त्याच दिशेने वाहू लागला. बुरडाच्या हाताखालून सूप-टोपली होऊन बाजारात येणारा बांबू आता चिरून कागदाच्या वाटेला लागला. बुरडांना स्वस्त बांबू मिळावा म्हणून पुढे किती निवेदनं दिली गेली याची गणती नाही.

१९९० च्या दशकात छोट्या गाडीचे रूळ रुंद करायचं काम झालं आणि गोंदिया-बल्लारशाह सलग मोठी लाइन झाली. चांदा फोर्टला बोरे उतरवायची गरज संपली. हमालांचे अड्डे पांगले. छत्तीसगढकडून निघालेल्या लांबच्या गाड्या आता याच रुळांवरून दक्षिणेला जातात, बहुतेक मूलला न थांबता. रूळ रुंद झाले, वेग वाढला आणि जंगलाला एक नवं भय मिळालं: २०१८ च्या नोव्हेंबरात चिचपल्लीच्या जंगलात वाघाचे तीन बछडे एकाच गाडीखाली गेले. बोरं वेचण्याइतकी सावकाश गाडी होती तेव्हा हे झालं नसतं.

सध्या रूळ पुन्हा एकदा पुढे सरकताहेत. वडसा हे गडचिरोली जिल्ह्यातलं एकमेव स्टेशन, तिथून गडचिरोलीपर्यंत ५२ किलोमीटरचं काम चालू आहे. वैनगंगेपलीकडे चामोर्शी तालुक्यात कोनसरीला सुरजागडच्या लोहखनिजावर चालणारा कारखाना उभा राहिला. जमशेटजींना ज्या जिल्ह्यात पोलाद करायचं होतं, त्याच्याच १९८२ मध्ये वेगळ्या काढलेल्या भागात ते आता होऊ घातलंय. कोळसा मात्र अजूनही बाहेरूनच येणार.

पोंभुर्ण्याच्या बंड्या कधीच थांबल्या. धान ट्रॅक्टरने मूलला जातं. पण एक माल अजून दरसाल रुळांच्या नाहीतर सडकेच्या टोकाशी जाऊन उभा राहतो. धानाची कापणी-मळणी आटोपली की या भागातली माणसं, त्यांत बायका जास्त, मिरची तोडायला तेलंगणात निघतात. भांडी, घोंगडी, तांदळाचं पोतं, लहान मूल काखेत. काही मुकादमाच्या जीपमधून जातात, काही बल्लारशाहला येऊन काझीपेठकडच्या गाडीत जागा शोधतात. ज्या वाटेने दीडशे वर्षांपूर्वी लमाणांचं मीठ यायचं, जवळपास तीच वाट. दोन-तीन महिन्यांनी परततात तेव्हा मजुरीतला काही भाग लाल मिरचीच्या रूपात असतो. ती मिरची घरात वर्षभर पुरते. उरली तर आठवडी बाजारात पोतं उघडं टाकून बसतात, आणि गिऱ्हाईक एक मिरची मोडून, नाकाशी नेऊन विचारतं, 'खम्ममकडची का वरंगलची?'